धानाच्या बांधीखालचा समुद्र

जमिनीखालचा समुद्र शोधणाऱ्यांबरोबर मी काही उन्हाळे वायरी ओढल्या. त्यामुळे जुने गडी भेटले की किस्से निघतातच. एक सांगावा, तर त्याच्या मागे दुसरा उभा! सून म्हणते, "मामाजी, तुमचं सांगणं होईस्तोवर चहा थंडा होते." होऊ द्या.

काम समजायला सोपं होतं. मूल शहराच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात, धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांमध्ये आम्ही नारिंगी रंगाची लहान यंत्रं ओळीने रोवायचो. मग ट्रॅक्टरवरचं जड लोखंड जमिनीवर आपटायचं. तो धक्का खालच्या खडकावर जाऊन परत यायचा आणि यंत्रं तो ऐकायची. त्यावरून कॉलेजच्या मॅडम लॅपटॉपवर चित्र काढायच्या.

फार जुन्या काळी इथे उथळ समुद्र होता म्हणे. त्याच्या तळावर चुनखडीचा मोठा ओटा तयार झाला. असे ओटे आजच्या समुद्राखालीही गाडलेले आहेत, त्यांची चित्रं जहाजावरून घेतात. इथला ओटा नीट कळला तर तिकडची चित्रं वाचता येतील, म्हणून मॅडम एवढ्या लांब आल्या होत्या.

*

समुद्र म्हटल्यावर आमचा ट्रॅक्टरवाला मारोती खूश! "मॅडम, मासोळ्या कोणत्या होत्या?"

"मासे जन्मलेच नव्हते हो तेव्हा. पाण्यात नुसता बुळबुळीत थर असायचा, शेवाळासारखा. त्याच्यावरच दगड चढत गेला."

मारोतीने बिडी विझेपर्यंत विचार केला. "मासोळी नाई, तं समुद्र कायले पायजे?"

*

लोखंड आपटताना कोणी हलायचं नाही, हा नियम. पाऊल वाजलं तरी चित्र बिघडतं. एकदा मॅडम स्क्रीनकडे बघून ओरडल्या, "हे काय? एवढी ठकठक कुठून येतेय?"

आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे. शेवटी मारोतीने मान वळवली. तंबूमागे आमचा स्वयंपाकी खलबत्त्यात मिरच्या कुटत होता.

"मॅडम, चटणी हाय थे!"

*

एका सकाळी पाहतो तर प्रत्येक यंत्रापुढे तांदूळ आणि फूल! शेंदराचा रंग, जमिनीत रोवलेलं, एका ओळीत. बायांनी देव समजून पुजले होते. आता गावचा पुजारी काही उपटू देईना.

मॅडमनी हात जोडले. "बाबा, हे देव नाहीत. यंत्रं आहेत."

"देव नाई? मंग दिवसभर वाकून वाकून कोनाचं आयकता?"

*

आणि मग ती सकाळ. सगळी यंत्रं कोणीतरी उपटलेली, माती पुसून टोपलीत ठेवलेली, टोपली तंबूच्या दारात. शेजारी सीताबाई बसलेली. ज्या बांधीत आमची ओळ होती ती बांधी तिची.

"तुमचं सामान मोजून घ्या. काई मोडलं नाई," ती म्हणाली.

घुग्घुसकडचं तिचं सासर कोळशाच्या खाणीत गेलं होतं. त्यानंतर ती भावाच्या गावाला येऊन राहिली होती. "तिकडंबी असेच लोक आलते. पह्यले वायरी, मंग मशीन, मंग ट्रक. आता इथून कुठी जाऊ मी?"

"बाई, मी खाणीची नाही. मला फक्त जुना समुद्र बघायचाय."

"दगड तं चुन्याचाच हाय न?"

सिमेंटचे कारखाने कशावर चालतात हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.

मॅडम तिच्याशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणाल तर आजच निघते. पण तुमच्या बांधीखाली काय आहे, ते एकदा बघा तरी."

मोहाच्या झाडाच्या सावलीत लॅपटॉप उघडला. काळ्या-पांढऱ्या रेघा. मॅडमनी बोट ठेवलं, "हा ओट्याचा काठ. इथवर उथळ पाणी, याच्यापुढे खोल."

सीताबाईने पदराने हात पुसून त्याच काठावरून आपलं बोट फिरवलं. "समुद्र लय मोठा होता?"

"खूप मोठा."

"आपल्या मनानं गेला?"

"नाही. जमीन वर आली. त्याला जावं लागलं."

सीताबाईने बोट त्या काठावरच ठेवलं. मग तिने मॅडमला हळूच विचारलं,

"मंग त्याले दुसरी जागा कुठी देल्ली?"