दंडाची एक पात

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही वाशिंदहून खर्डीकडे सहलीला गेलो आणि एका शेतात मऊ गवत बघून सतरंजी अंथरली. ते गवत नव्हतंच. कापून वाळत टाकलेलं भात होतं.

"उठा, उठा!" विळा कमरेला खोचत एक बाई बांधावरून धावत आली. आमचे चेहरे बघून मात्र तिलाच हसू फुटलं. पदराने तोंड दाबलं, तरी खांदे हलत राहिले. "आता दंड! हा एवढा पट्टा, बांधापर्यंत एक पात कापून द्या."

मी विळा घेतला, चार मुठी कापल्या आणि कंबर धरून बसलो. तेवढ्यात माझ्या हातातून विळा आईने ओढून घेतला. शेत विकून फ्लॅटवर आल्यापासून गुडघे दुखतात म्हणून खाली पडलेली चप्पलही न उचलणारी माझी आई!

तिची मूठ बघताच बाईचे डोळे चमकले. "आये, तुजा हात शेतातलाच हाय गो!" तिने दुसरा विळा आणला आणि शेजारची पात धरली. दोघींची शर्यतच लागली. बांध हातभर उरला, तेव्हा बाई उगाचच मागच्या पेंढ्या नीट करत बसली. आई जिंकली. एकमेकींचं नाव विचारायचं मात्र दोघींनाही सुचलं नाही.

परतताना लेकीने विचारलं, "बाबा, पुढच्या रविवारी कुठे जायचं?"

मी विचार करत होतो, तोवर मागून आई म्हणाली, "इथंच. अजून अर्धं शेत उभं हाय."