पर्सवरची पाखरं

नव्वदीच्या शेवटी पुण्यात लग्नाच्या मुलीला एकच प्रश्न असायचा, "कॉम्प्युटर केलंय का?" मी नव्हतं केलं. धायरीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी कामगंध बनवायचे, म्हणजे पिकावरच्या किडीच्या मादी पाखराचा, पतंगाचा वास, पण रसायनांतून तयार केलेला. तो रबरी बुचात भरायचा आणि बूच शेतातल्या सापळ्यात टांगायचं. मादी समजून नर येतात आणि अडकतात. मग अळ्याही कमी होतात. मला हे काम मनापासून आवडायचं. "स्थळांना काय सांगू, कपाळ माझं?" असं म्हणत आईने परस्पर सांगून टाकलं की मुलगी कॉम्प्युटरवर असते.

लोणी काळभोरच्या स्थळाकडून पसंती आली. मुलगा हिंजवडीत नोकरीला, वडिलांची वांग्याची शेती. आम्ही घर बघायला जायचं ठरलं. मला एकच धास्ती, लग्नानंतर माझं काम टिकणार कसं? त्या दिवशी अर्धा दिवस भरून मी प्रयोगशाळेतून तशीच निघाले, रोजची कापडी पर्स घेऊन. हातमोजे मी घालायचे हो, पर्सला कोण घालणार!

अंगणात चहा आला तेव्हा दिवस मावळला होता. एक पांढरं पाखरू पर्सवर बसलं. मग दुसरं. बघता बघता मेल्यांनी फेरच धरला. मी झटकतेय, ती परत येतायत.

"ही तर आपल्या वांग्यातली पाखरं," मुलाचे वडील म्हणाले. "पोरीकडं कशापायी आली?"

"अहो, उजेडाला येतात," आई घाईने म्हणाली. दिवा ओसरीत होता आणि मी अंधारात बसले होते.

शेवटी मीच तोंड उघडलं. काम सांगितलं, कॉम्प्युटरची थापही सांगितली. आई माझ्याकडे अशी बघत होती की बस्स.

"म्हंजी ह्ये समदे बाप्ये हायत?" मुलाच्या आईने विचारलं. मी हो म्हटल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "आमचं ह्ये वांग्यावर औषध मारून आलं की डोकं धरून बसत्यात. जीव टांगणीला लागतो माझा. तुज्या सापळ्यानं फवारणी थांबंल?"

"पूर्ण नाही. पण बरीच कमी होईल."

"मग लग्नानंतर काम सोडायचं न्हाई. सोडणार असशील तर आत्ताच सांग, आम्ही दुसरी पोरगी बघतो."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी काही बोलायच्या आत आई ठसक्यात म्हणाली, "सोडते कशाला? मी सोडू देईन तर ना!"