मर्सिडीजमधला घरचा गॅस

गोरक्ष सायखेड्याचा. घरी टोमॅटो-वांग्यांची शेती, पण ह्याचं मन काही मातीत रमेना. नव्वदच्या सुमारास नाशिक रोडला बुधा वस्तादाच्या गॅरेजात चिकटला तो पार तिथलाच झाला. बड्या लोकांच्या जुन्या परदेशी गाड्यांचा एसी बिघडला की गाडी बुधाकडेच यायची. बुधा पाइपवर हात फिरवायचा, कुठवर गार लागतंय ते बघायचा, मग एक छोटी बत्ती पेटवून जोडाजोडाशी धरायचा. गॅस गळत असला की निळी ज्योत हिरवी व्हायची. एसीतला तो जुना गॅस पेट घेत नाही, म्हणून हे खपून जायचं. त्या धुरानं वस्तादाचं नाक मात्र कामातून गेलं होतं. बायकोची, मालनबाईची, फोडणी करपली तरी ह्याला पत्ता नसायचा.

वस्तादाला मूलबाळ नव्हतं. त्यानं सगळी विद्या गोरक्षला दिली आणि पुढे नाशकातच द्वारका चौकाजवळ गॅरेजही थाटून दिलं. एकच ताकीद दिली होती, "गाडीत काय भरलं ते पुढच्या मिस्त्रीला तोंडानं सांगायचं. लाजायचं नाय."

मग जुना गॅस मिळेनासा झाला. मिळालाच तर भाव असा की गिऱ्हाईक उठून जायचं. नवा गॅस भरायचा तर जुन्या गाडीचं निम्मं सामान बदला! तेवढ्यात कुणीतरी शक्कल काढली आणि लोक सर्रास घरचा, स्वयंपाकाचा गॅस एसीत भरू लागले. गार तर असा करतो की विचारू नका. बुधा ह्या लोकांच्या नावानं खडे फोडायचा. "अरे, माणसं बसवताय का बॉम्ब बसवताय गाडीत?" आणि चारचौघांत छाती काढून सांगायचा, "माझा गोरक्ष मरंल, पण असली घाण करायचा नाय."

आणि गोरक्षनं ती केली. दोन हजार चारचा उन्हाळा होता. विंचूरच्या चंदरशेठ व्यापाऱ्याची जुनी मर्सिडीज आली. दुसऱ्या दिवशी पोरीचं लग्न, नवरी ह्याच गाडीतून जायची. गोरक्षकडे जुना गॅस थेंबभर नव्हता. गिऱ्हाईक मोठं, सोडवेना. पठ्ठ्या घरी गेला आणि शेगडीचं सिलिंडर उचलून आणलं. बायको उज्ज्वला मागून ओरडली, "अहो, मी भात कशावर लावू?" हा सिलिंडर स्कूटरवर घालून निघाला. गाडी गारेगार झाली, शेठ खूश. काय भरलं हे ना शेठला सांगितलं, ना त्याच्या ड्रायव्हरला.

काही आठवड्यांनी त्या ड्रायव्हरचा, महेशचा, फोन आला. "गोरक्षभाऊ, एसी परत बसला. मी बुधा वस्तादाच्या गॅरेजातच आहे, शेठ म्हणाले त्यांना दाखव. दाखवू ना?"

बस, इथंच बोलायचं होतं. बत्ती लावू देऊ नको, एवढंच. पण फोन महेशच्या हातात, वस्ताद त्याच्या समोर, तिथं गॅरेजात चार माणसं. गोरक्षच्या तोंडून शब्द फुटला तो एवढाच, "दाखव."

फोन ठेवला आणि तो हातातलं काम टाकून उठला. आपण स्वतः जाऊ, काहीतरी थाप मारून गाडी काढून आणू, असं ठरवून त्यानं स्कूटरला किक मारली. अरे बाबा, परत फोन कर ना! पण नाही, लाज आडवी आली. तो पोचला तेव्हा लोक जळत्या गाडीवर बादल्यांनी पाणी मारत होते आणि वस्तादाला रिक्षात घालत होते.

महेश सांगत होता, "मी म्हणालो, मागच्या वेळी गोरक्षभाऊंनी भरलाय. तर वस्ताद म्हणाले, मग काय विचारायचं? आणि बत्ती पेटवून डॅशबोर्डखाली शिरले."

गाडी काचा बंद करून उन्हात उभी होती. गॅस आत साठलेला, आणि वास यायला वस्तादाला नाक कुठं होतं?

दवाखान्यात वस्ताद पट्ट्यांत गुंडाळलेला होता. गोरक्ष खाटेशी बसला. सांगून टाकायचं, असं घोकतच आला होता. वस्तादानंच आधी तोंड उघडलं. "गोऱ्या, तुझ्या मागनं कुणीतरी त्या गाडीला हात लावलाय. शोध त्याला. अजून कुणाचा तरी जीव घेईल तो."

"शोधतो, वस्ताद," गोरक्ष म्हणाला.

वस्ताद त्याच आठवड्यात गेला. पोटच्या पोरासारखं गोरक्षनंच पाणी पाजलं, खांदा दिला, तेराव्यापर्यंत सगळं केलं. लोक म्हणाले, शिष्य असावा तर असा. त्या शब्दांनी तो आतून सोलून निघत होता.

पुढे दर महिन्याला तो मालनबाईला किराणा पोचवायला जाई. ती दरवेळी विचारायची, "सापडला का रे तो?"

"नाय, मावशी."

एकदा चहाचा कप त्याच्या हातात देत ती म्हणाली, "सापडला तर त्याला सांग, म्हातारी शिव्या द्यायची नाय. चूक कुणाकडनं होत नाय? पण एक शब्द बोलला असता, तर ह्यांनी फार तर कानाखाली वाजवली असती. तेवढंच सांग त्याला."

"सांगतो, मावशी," असं म्हणून गोरक्षनं चहा संपवला.