वाऱ्यातली हाक

किस्से बांधावरच्या तणासारखे असतात. कुणी पेरत नाही, आणि औषध मारून जात नाहीत. आमच्याकडे तर ते औषध मारण्यामुळेच वाढले!

बोरी बुद्रुकच्या संगीताने फवारणीचा ड्रोन घेतला. त्यासाठी तिचे सासरे रामातात्या यांनी सगळी मेंढरं विकली. ड्रोन पडला तर घरात ना मेंढरू, ना यंत्र. मी निवृत्त क्लार्क. इंग्रजी मॅन्युअल वाचता येतं म्हणून 'आज उडवायचं की नाही' हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. 'नाही' म्हणण्याचा सराव नोकरीतच झालेला!

*

मे महिना, भर दुपार. एवढ्या उन्हात बॅटरी तापून फुगते, असं मॅन्युअल सांगतं. टोमॅटोवाले बापू ऐकेनात.

"दुबईत विमानं उडत्यातच ना, भाऊसाहेब?"

"उडतात. पण तिथल्या पायलटला बांधावरून कुणी 'आटप, आटप' म्हणत नाही."

बापू तरातरा घरी गेले आणि लांबलचक वायर ओढत टेबलफॅन घेऊन आले. ड्रोनसमोर लावून म्हणाले, "उकडतंय त्याला. जरा वारं लागू द्या!"

फवारणी संध्याकाळीच झाली. तोवर फॅनसमोर बापू घोरत होते.

*

थंडीत उलटी तऱ्हा. गारठलेल्या बॅटरीत दम नसतो. एका सकाळी तात्या दोन्ही बॅटऱ्या घोंगडीत गुंडाळून, कोकरू धरावं तशा पोटाशी धरून बसले.

मी म्हटलं, "तात्या, जपून. बॅटरी कधी पेटतेसुद्धा."

"कोकरूबी लाथ मारतं की, भाऊसाहेब!"

*

उडवण्याआधी ड्रोनला भंडारा लावायचा, हा तात्यांचा नियम. मेंढरांनाही लावायचे. एकदा हात सढळ झाला आणि भंडारा थेट कॅमेऱ्यावर!

संगीता स्क्रीनकडे बघत म्हणाली, "भाऊसाहेब, आज धुकं पिवळं कसं काय?"

"धुकं नाही, देव आडवा आलाय."

तात्या लगेच म्हणाले, "मग आज नगं. देव न्हाई म्हणतोय."

एक 'नाही' म्हणायला मला दहा पानं वाचावी लागतात. देवाने मूठभर हळदीत काम उरकलं!

*

पावसाळ्यात घाटघरहून भाताच्या फवारणीचं बोलावणं आलं. नाणेघाटाकडून असा वारा, की छत्री उलटी होऊन सरळही होत होती. शेतमालक काळूबाबांना संगीता समजावू लागली, "बाबा, वारं वाढलं की हे एक बटण दाबायचं. जिथनं उडालं तिथं ते आपसूक माघारी येतं."

काळूबाबांनी कड्याकडे बोट दाखवलं. धबधब्याचं पाणी वाऱ्याने उलटं वर उडत होतं.

"पोरी, हितं पाणी खाली जायाचं इसरलंय. तुझं यंत्र खाली येईल कशावरनं?"

ड्रोन गाडीतून उतरलाच नाही. आम्ही नाचणीची भाकरी खाऊन परतलो.

*

एकदा मात्र चुकलंच. आभाळ निरभ्र होतं, मीच 'उडवा' म्हटलं. ड्रोन उसाच्या पार टोकाला पोचला आणि वळवाची वावटळ उठली. धुळीत काही दिसेना. ड्रोन तिरपा होऊन लांब चालला. संगीताने ते माघारीचं बटण दाबलं. मी शेजारीच होतो, तिचा अंगठा मला दिसला. तो बटणावरच होता.

तेवढ्यात तात्या बांधावर चढले आणि पांगलेली मेंढरं वळवायची ती लांब हाक त्यांनी घातली. एकदा, दोनदा, तीनदा.

धुळीतून घरघर ऐकू आली. ड्रोन डुलत डुलत आला आणि तात्यांच्या पुढ्यात बसला.

"ऐकलं की वं तुमचं, तात्या!" संगीता डोळे पुसत हसली. बटणाबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

घरी जाताना मात्र मला राहवेना. "तात्या, त्या ड्रोनला एक बटण असतं..."

"ठावं हाय," तात्या म्हणाले. "तिनं दाबल्यालं बघितलं मी. पर येवढ्या वाऱ्यात एकट्यानं माघारी यायचं, भाऊसाहेब... कुणीतरी हाक नगं का मारायला?"