दिवेलागणीनंतरची भाकरी

माझ्यासारख्याने काही लिहावे की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेले नव्हते. पुण्याच्या कॉलेजात गेलो, म्हणून घरातली गोष्ट चार लोकांपुढे मांडायचा अधिकार मिळतो असेही नाही. चुकले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. पण धाकट्या बहिणीचे ते दिवस आठवले की आजही सुटल्यासारखे वाटते, म्हणून लिहितो.

दिवाळीच्या सुटीत मुळशीला घरी गेलो होतो. बहीण तेव्हा पाच वर्षांची. संध्याकाळी अंगणातून आत ये म्हटले, की ती होती तिथेच बसून राही. हट्टी आहे, असे समजून मी तिला रागावलो. ती उठली, दोन पावले चालली आणि बांधलेल्या वासरावर जाऊन आदळली.

"दादा, दिवा लाव की," ती म्हणाली. आभाळात अजून उजेड होता.

पौडला दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले. रातांधळेपणा आहे, म्हणाले. औषधाची एक बाटली दिली आणि बजावले, "रोज पालेभाजी पोटात गेली पाहिजे. हयगय केलीत तर दिवसाचेही दिसणार नाही."

पाल्याला तोटा नव्हता. दारात शेवगा होता, परसात माठ. पण बहीण हिरव्याला शिवत नसे. पुस्तकात वाचलेले सगळे मी तिला सांगितले, कोळशाने जमिनीवर डोळ्याचे चित्र काढून समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"पाला शेरडं खात्यात. मी काय शेरडू हाय?"

"शेरडाला अंधारातबी दिसतंय बघ," आई म्हणाली.

"मग त्येच्याच म्होरं टाक."

वडील हसू दाबत उठले. "ह्येचं उत्तर कॉलेजात शिकवत न्हाईत व्हय रं?" जाता जाता मला म्हणाले.

मग आईने शेवग्याचा पाला अगदी बारीक चिरून नाचणीच्या पिठात मळला. त्या काळसर भाकरीतूनही बहिणीने कण न् कण नखाने वेचला आणि ताटाच्या कडेला ठेवला. दिवसा तिची नजर इतकी तीक्ष्ण होती. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, "तिला उजेडात भाकर द्यायचीच न्हाई. दिवा लागल्यावर वाढू. तवा तिला कुटं दिसतंय?"

रॉकेल वाचावे म्हणून आम्ही सगळे उजेडातच जेवत असू. पण मला खटकले ते वेगळेच. जे दुखणे बरे करायचे, त्याचाच फायदा घेऊन लेकराला फसवायचे? मी तसे चाचरत बोललो.

"डोळं गेल्यावर खरं बोलून काय करू मी?" आई म्हणाली.

त्या संध्याकाळी चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात बहिणीने भाकरी चाचपून पाहिली. हाताला काही लागले नाही.

"आये, कसली गं भाकर?"

"नव्या नाचणीची."

"बरी हाय," म्हणत तिने ती संपवली. मी मान वर केली नाही.

सुटी संपली आणि मी पुण्याला परतलो. घरी कोणालाच लिहिता येत नव्हते. मी दोन कार्डे टाकली, उत्तर नाही. वर्गात फळ्याकडे पाहताना मनात येई, तिला आता दिवसा तरी दिसत असेल ना? की आपण तिला नुसतेच फसवले?

पुष्कळ दिवसांनी कार्ड आले. आईने ते शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतले होते आणि त्यांनी तिचे बोलणे होते तसे उतरवले होते. वाचता वाचता मी जिन्यातच खाली बसलो.

"पोरीनं परवा दिवा लावल्यावर भाकरीतला पाला समदा येचून काढला. म्हनली, आये, ही कसली नाचणी? लई भांडली माज्यासंगं. आता तिला कसं खाया घालायचं, ते बुकात बघून कळव."