लक्षात ठेवणारा मिक्सर

बादलीतले निम्मे कपडे दोरीवर गेले होते आणि निम्मे तसेच पिळून पडले होते, तेवढ्यात मेहुणा जिना चढून वर आला. साऊंडवाल्यानं हातातली चादर झटकली, पण ‘ये’ काही म्हटलं नाही. घरी बसल्यापासून कपडे वाळत घालणं त्याच्याकडे आलं होतं.

केस काळे होते तेव्हापासून तो सभागृहाच्या मिक्सरवर बसायचा. गाणाऱ्या-बोलणाऱ्यांचे आवाज कमीजास्त करायचं ते बटणांचं टेबल म्हणजे त्याचा संसार. बाहेरचा कार्यक्रम होऊन गेला की परक्यांनी सगळी बटणं फिरवून ठेवलेली असायची. “दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन कुणी मिठाचा डबा हलवतं का?” जेवताना तो चरफडायचा.

म्हणून नवा मिक्सर घ्यायची वेळ आली आणि सभागृहाच्या चिटणिसांनी निवड त्याच्यावर सोपवली, तेव्हा जुन्या धाटणीचा स्वस्तातला त्यानं बाजूला सारला. एकदा केलेली बटणांची जुळणी लक्षात ठेवणारा हवा, म्हणून हटून बसला. बायको म्हणाली होती, “सगळं त्याच्याच पोटात भरलंत, तर तुम्हाला कोण विचारणार?”

“यंत्राला कान असतात का?” तो हसला होता.

नाटक, भाषण, गाणं, एकेकाची जुळणी त्यानं जीव ओतून आत भरली. भरून झाल्यावर चिटणीस गोड आवाजात म्हणाले, “आता एक बटण तर दाबायचं. ते पहारेकरीही दाबेल.” पहारेकरी म्हणजे हाच मेहुणा. त्याला तिथं चिकटवलं होतं तेही यानंच. देव ज्याला बुद्धी देतो, त्याला ती कधीकधी उलट्या बाजूनं देतो.

“ताई कुठंय, भाऊजी?”

“देवळात. तुझ्यासाठीही मागत असेल. हल्ली देव तुझंच ऐकतो.”

“मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याला ठेवलं असतं.”

“हो ना. घरातलं घरात राहिलं.” त्यानं टॉवेल पुन्हा पिळला. “कालच्या गाणाऱ्या बाईंचा घसा बसला होता म्हणे. काय केलंस?”

“तुमचं गाण्याचं बटण दाबलं.”

“आवाज फाटला असेल.”

“थोडा.”

“लोक काय म्हणाले?” विचारताना त्याचा हात दोरीवरच थांबला. एकानं जरी तक्रार केली असली, तरी चिटणिसांना त्याला परत बोलवावं लागणार होतं.

“काही नाही. टाळ्या पडल्या, नेहमीसारख्या.”

तो बराच वेळ चिमटा शोधत राहिला. चिमटा त्याच्या दातांतच होता.

“आणि तुमचा जुना मिक्सर उद्या भंगारात काढतायत. हवा असेल तर आजच न्या म्हणालेत.”

बादलीच्या तळाशी पहारेकऱ्याचा सदरा उरला होता. भावाचे कपडे बायको अजून आपल्याच घरी धुवायची. त्यानं तो उचलला, कॉलर ताणून सरळ केली, दोन चिमटे लावले, बादली पालथी घातली आणि टेम्पोवाल्याकडे दुपारी टेम्पो मोकळा आहे का ते विचारायला निघाला.