लिफ्टच्या रजिस्टरातले जड शब्द

आमच्या इमारतीची लिफ्ट सांभाळणाऱ्या मेकॅनिकला सगळे 'डिक्शनरी' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तो खूश होतो, यावरून माणूस ओळखा.

पंधरा वर्षं तो दर गुरुवारी लिफ्ट तपासायचा आणि वॉचमनच्या खोलीतल्या रजिस्टरात एकच ओळ खरडायचा, 'ऑइल डन, ओके.' लिफ्टच्या कंपनीला रजिस्टर इंग्रजीतच हवं. मग फोरमनची जागा निघाली. इंजिनियरसाहेबांनी त्याची रजिस्टरं चाळली आणि चारचौघांत म्हणाले, "पंधरा वर्षांत तीन शब्द? फोरमनला जरा भाषा लागते." जागा दुसऱ्याला गेली आणि याच्या डोक्यात किडा शिरला.

त्याने रद्दीवाल्याकडून अवघड इंग्रजी शब्दांचं एक जाडजूड पुस्तक उचललं. दर गुरुवारी आठ शब्द, कारण आमचे मजले आठ. लिफ्टच्या टपावर बसून वर जाताना तो आतल्या भिंतीवर प्रत्येक मजल्यापाशी खडूने एक शब्द लिहायचा आणि तपासणी करत खाली येताना मोठ्याने घोकायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाटायचं, आत बसून कुणाला तरी शिव्या देतोय.

मी कॉलेज शिकलेली, म्हणून उच्चार तपासायला माझ्या दारात.

"काकू, 'युबिक्विटस' बरोबर?"

"बरोबर. पण वापरणार कुठे?"

संध्याकाळी रजिस्टरात ओळ होती, 'डस्ट इज युबिक्विटस.' धूळ सर्वव्यापी आहे. झाडूवालीवर केवढा हा आरोप!

मग एका गुरुवारी त्याने मला खाली लिफ्टपाशीच घाईघाईने गाठलं. "काकू, 'प्रिकेरियस' कसा वाटतो?"

"झकास. कुठल्याही क्षणी कोसळेल असं."

"हां, तोच पाहिजे होता."

मी त्याला शाबासकी दिली आणि लिफ्टने वर गेले. शिक्षणाच्या मानाने मला अक्कल बेताचीच.

लिफ्टच्या लोखंडी दोरांपैकी एकाच्या तारा तुटायला लागल्या होत्या. त्याने तीन गुरुवार तीन ओळी लिहिल्या. तिन्हींखाली सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'वाचलं, समजलं' असं लिहून सही ठोकली. एक अक्षर कळलं नव्हतं. पण वॉचमनसमोर अर्थ विचारायचा म्हणजे नाक कापून घ्यायचं.

चौथ्या आठवड्यात तो दोर तुटला. ब्रेक लागले म्हणून माणसं वाचली. माणसं म्हणजे सेक्रेटरी आणि त्यांच्या सासूबाई. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये पावणेदोन तास. आत काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही; बाहेर सगळं ऐकू येतच होतं.

दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या खोलीत चौकशी. इंजिनियरसाहेब आले. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीही गेले.

"यानं काही सांगितलंच नाही!" सेक्रेटरी कडाडले. "आजच्या आज काढा याला."

"तीनदा लिहिलंय, साहेब." डिक्शनरीने रजिस्टर पुढे केलं. दोन मुली शिकतायत त्याच्या, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देतो?

साहेबांनी रजिस्टर उघडलं. पहिली ओळ वाचली, पुन्हा वाचली, मग चष्मा पुसला. चष्मा चांगला लखलखीत होता. शेवटी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"पहिल्या गुरुवारी, दोर धोक्यात आहे," मी सांगितलं. "दुसऱ्या, झीज वाढली आहे. तिसऱ्या, अनर्थ जवळ आला आहे. आणि खाली तिन्ही वेळा, 'वाचलं, समजलं'."

सेक्रेटरींचे कान लाल झाले. "दोर बदला, असं सरळ लिहायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारायचंत!" डिक्शनरी उसळला.

"तू सांगायचंस! दर गुरुवारी समोरून जातोस!"

"सरळ लिहिलं की फोरमन करत नाहीत," डिक्शनरी म्हणाला, साहेबांकडे बघत.

साहेबांनी रजिस्टर माझ्याकडून परत घेतलं. "नोकरी राहील तुझी. सह्या आहेत. पण ऐक, दोर खराब दिसला की लिफ्ट बंद करून किल्ली खिशात टाकायची. लिहिणं नंतर. कुणी मेलं असतं तर हे शब्द काय चाटायचे होते?"

डिक्शनरीची मान खाली गेली. "ओळ फार छान जमली होती, साहेब," तो पुटपुटला. "तिच्यातच अडकलो."

"आजची नोंद कर. माझ्यासमोर. मराठीत."

त्याने लिहिलं, 'दोर तुटला. लिफ्ट बंद.' सेक्रेटरींनी सवयीने सहीला पेन उघडलं, ओळ वाचली आणि हात तिथेच थांबला.

"बंद? किती दिवस?"

"पंधरा."

"अहो, आम्ही सातव्या मजल्यावर! सासूबाई कशा येणार-जाणार?"

"जिन्याने."

"मध्ये बसायला काही?"

रजिस्टर वाचून कुणी त्याला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. डिक्शनरीने खुर्ची ओढली, बसला, आणि एकेक प्रश्नाचं उत्तर सावकाश देऊ लागला.